ओढा, गाय आणि वेळापत्रक

नमस्कार. अमेरिकेतल्या रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या कुरणांवर, ओढ्याचा काठ गुरांपासून कसा जपावा यावर मी लेख लिहिला, त्यावर तुमचं हे उत्तर आलं. ‘कुंपण घाला म्हणायला काय जातं? तारेचे पैसे रँचवाला भरणार आणि ट्राउट मासे पकडायला शहरातले हौशी येणार,’ हा तुमचा टोला निम्मा मला मान्य आहे. कुंपण महागच पडतं, आणि पुरानं खांब वाहून नेले की पुन्हा खर्च. पण माझा भर कुंपणावर नव्हता, गुरं ओढ्यावर कधी सोडायची यावर होता. ते नीट मांडलं नाही, ही चूक माझी.

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात कार्लिनजवळचा सूझी क्रीक हा ओढा घ्या. जुलै-ऑगस्टात माळावरचं गवत वाळून काडी होतं. मग गाय ओढा सोडतच नाही. चारा तिथं, पाणी तिथं, सावलीही तिथंच. काठ तुडवला जातो, वाळुंजाचा कोंब फुटला की खाल्ला जातो. १९९० च्या दशकापासून तिथं हा ऐन उन्हाळ्यातला मुक्काम कमी केला. त्याऐवजी गुरं वसंतात सोडली, तर तेव्हा माळही हिरवा असतो, गुरं पांगतात, आणि ती हलल्यावर काठच्या ओलीवर गवत पुन्हा वर येतं. वाळुंज परतला, मागोमाग बीव्हर आले, म्हणजे फांद्या-चिखलाचे बांध घालणारे कुरतडे प्राणी, आणि त्यांच्या बांधांनी पाणी अडलं. पुढे दुष्काळातही ओढ्यात पाणी टिकलं. गुरं पाळणाऱ्याला याची किंमत मी काय सांगावी!

तुम्ही म्हणता, सरकारी जमिनीवरची परवान्याची चराई जवळजवळ फुकट, मग रँचवाल्याला काळजी कशाला? गाय-वासराच्या जोडीला महिन्याला १.३५ डॉलर हा दर वर्षानुवर्षं होता, खरंय. पण काठ उजाड झाला म्हणून परवान्यातले दिवस कापले गेले, तर तेच गवत खासगी कुरणात वीसेक डॉलरला घ्यावं लागतं. स्वस्त चराई गमावणं हाच मोठा तोटा.

ईशान्य ऑरेगनमधल्या २००३ च्या एका अभ्यासात ३०० गायींच्या रँचचा हिशेब आहे. ओढ्यापासून लांब पाण्याची डोण आणि चाटायला मीठ ठेवलं, की गुरं वर चढावरचं गवतही खातात, वजन वाढतं. वर्षाला साधारण ४,५०० ते ११,००० डॉलर जादा नफा, भाव आणि पावसाप्रमाणे. पाइप-डोणीला सरकारी मदत ७५ टक्क्यांपर्यंत मिळू शकते, पण सहसा काम झाल्यावर. तोवर पदरचे घालायचे.

चाळीस गायीवाल्याला हे झेपेल का, इथं मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. शिवाय नुसत्या डोणीनं भागत नाही, घोड्यावर बसून गुरं वर हाकणारा माणूस लागतो. त्याची मजुरी माझ्या हिशेबात नव्हती. मूळ लेखात आज जोडतो.