लक्ष्मी रोड गिऱ्हाइकानं बदलला, असं म्हणे

सध्या एक मेसेज सोसायटीच्या ग्रुपपासून शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: पुण्याच्या लक्ष्मी रोडवरची जुनी दुकानं जाऊन कंपन्यांच्या शोरूम येतायत, तर गळे काढायचं कारण नाही, गिऱ्हाइकानंच त्यांना निवडलंय. जुने दुकानदार उद्धट आणि कर बुडवे. कंपन्या रोजगार देतात, रस्त्याला झळाळी आणतात, आणि जगात त्यांना कुणी अडवत नाही. शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’. मला पटलेलं नाही.

उद्धटपणाचं आधी उरकून टाकू. आरोप मान्य. ‘घ्यायचं असेल तरच घडी मोडतो’ हे ऐकल्याशिवाय आपल्याकडे साडीखरेदी पुरी होत नाही. पण ‘दुपारी १ ते ४ दुकान बंद’चा विनोद आता शिळा झाला, मिठाईवाल्या चितळ्यांनीसुद्धा २०१७ साली दुपारची सुट्टी सोडली. आणि तिरकस बोलण्यानं दुकानं बंद पडत असती, तर पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक कधीच ओस पडला असता.

खरा मुद्दा ‘गिऱ्हाइकानं निवडलं’ हा. निवड गिऱ्हाईक करतं ते दुकान उघडल्यावर. गाळा कुणाला मिळणार हे त्याआधीच ठरलेलं असतं आणि ते ठरतं भाड्यावर. पेठांमधली कित्येक दुकानं जुन्या भाडेकरारावर आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ त्यांना संरक्षण देतो आणि भाडं वर्षाला ४ टक्क्यांनी वाढवू देतो. पण याच कायद्यानं १ कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्यांना या संरक्षणाबाहेर ठेवलंय. म्हणजे कंपनी भाडेकरू असेल तर मालक बाजारभावानं भाडं लावू शकतो, आणि मुदत संपली की तिला उठवणंही सोपं. मग जुना वाडा पाडून नवी इमारत उभी राहते तेव्हा मालकाला आणि बिल्डरला तळमजल्यावर कोण हवं असेल? कागदोपत्री जुन्या भाडेकरूला नव्या इमारतीत जागा मिळते. पण बांधकाम चालू असताना दोन-तीन वर्षं दुकान दुसरीकडे चालवायचं, तोवर गिऱ्हाईक दुसरं दार शोधतं. त्यापेक्षा बरेच जण पैसे घेऊन मोकळे होतात.

गाळा स्वतःच्या मालकीचा असला तरी हिशेब फार वेगळा नसतो. मुलगा हिंजवडीला नोकरीत, गल्ल्यावर बसायला कुणी नाही, आणि कंपनी महिन्याला जे भाडं देतेय तेवढा नफा दिवाळीच्या महिन्यातही सुटत नाही. मग माणूस शटर ओढून भाडं खातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. जुन्या भाडेकरूंमुळे घरमालकांवर अन्याय होतो हेही खरं, आणि त्यावर वेगळं बोलता येईल. पण या सगळ्यात गिऱ्हाइकाला विचारलं कुणी, कधी? दुकान भरलेलं असतानाही बंद होतं, हे या मेसेजला ठाऊकच नाही.

‘झळाळी येते, सगळ्यांचाच धंदा वाढतो.’ हे लिहिणाऱ्यानं लक्ष्मी रोडवर साडी घेतलेली नसावी. साडी घेतली की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. पिशवी घेऊन ब्लाउजच्या कापडासाठी मॅचिंगवाल्याकडे जायचं. तो साडीचा काठ बोटात धरून ट्यूबलाइटखालून दारापर्यंत येतो, उजेडात रंग बघतो, आणि मागच्या कपाटातल्या टू-बाय-टूच्या पन्नासेक छटांमधून एक तागा काढतो. आपण म्हणतो, हा थोडा गडद वाटतोय. तो म्हणतो, ‘ताई, एक धुणं होऊ द्या.’ ऐंशी सेंटिमीटर कापड, वर अस्तर. मग जिन्याखाली मशीन टाकून बसलेल्या बाईंकडे फॉल-पिको. ‘आज गर्दी आहे, संध्याकाळी न्या.’ तोवर तुळशीबागेत बांगड्या, पिना, परकराची नाडी, आणि पाय दुखले की मंडईच्या कोपऱ्यावर उसाचा रस. एका साडीच्या मागे पाच-सहा जणांचा गल्ला हलतो, आणि त्यातल्या कुणाचंच दुकान दुसऱ्याशिवाय पुरतं चालत नाही. शोरूममध्ये साडीला फॉल लावलेला, ब्लाउज शिवलेलं, दागिने काउंटरवर. बाई गाडीतून उतरते आणि गाडीत बसते. यात शोरूमचा गुन्हा नाही, तिची मांडणीच तशी आहे. पण साडीची चार दुकानं गेली की मॅचिंगवाल्याच्या दारातली गर्दी ओसरते. फॉलवाल्या बाईंच्या मशीनला तर भाडेकरार नावाची गोष्टच नसते.

कराचं बघा. वर्षाला दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला जीएसटीत कॉम्पोझिशन योजना घेता येते. त्यानं उलाढालीवर १ टक्का स्वतःच्या खिशातून भरायचा, आणि गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा नाही. त्याच्या बिलावर कराची ओळ नसते, कारण ती छापायला कायद्याचीच मनाई आहे. बिलच न देणारे आहेत, त्यांच्याकडे बिल मागावं. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटीही सदोष मालापुरती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यापुढे टिकत नाही. तीही खुशाल दाखवून द्यावी.

रोजगाराच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा मुख्यतः २० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांना लागू होतो, त्यामुळे शोरूममधल्या मुलीला साप्ताहिक सुट्टी हक्कानं मागता येते. छोट्या दुकानात ती मालकाच्या मर्जीवर. हे जुन्या दुकानदारांनी ऐकून घ्यायलाच हवं. फक्त हिशेब मांडताना जिन्याखालच्या बाई, पोटमाळ्यावरचा शिंपी आणि हमालही मोजा.

‘जगात कुणी अडवत नाही’ हे सपशेल चूक. सॅन फ्रान्सिस्कोत २००४ पासून यासाठी नियम आहेत. अकराहून जास्त शाखा असलेल्या दुकानाला तिथल्या बऱ्याच वस्त्यांमधल्या बाजाररस्त्यांवर सुनावणी होऊन परवानगी घ्यावी लागते, आणि नॉर्थ बीच, हेस व्हॅलीसारख्या भागांत तर बंदीच आहे. भांडवलशाहीच्या माहेरघरात हे चालतं.

कुणी म्हणेल, मग गाडगीळांचं काय? सांगलीची सराफी पेढी, १९५८ पासून लक्ष्मी रोडवर, आता किती गावांत शाखा. माझा शाखांना विरोध नाहीच. प्रश्न आहे तो शोरूमसाठी पाच गाळ्यांचा एक गाळा करून टाकण्याला. मंडईला आता मेट्रोचं स्टेशन आहे, २९ सप्टेंबर २०२४ पासून गाडी थेट तिथे थांबते. आसपासचे वाडे एकेक करून पाडले जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. पुनर्विकासाला परवानगी देताना पार्किंग, इमारतीभोवती सोडायची जागा, उंची सगळं मोजलं जातं. त्याच तक्त्यात रस्त्याकडेचे गाळे लहान ठेवण्याची अट घालता येईल, आणि बांधकामाच्या काळात जुन्या दुकानदाराला त्याच चौकाच्या आसपास तात्पुरती जागा देण्याचीही.

मेसेजमध्ये शेवटचा टोमणा आहे: ‘विरोध करणारे स्वतः मॉलमध्येच जातात.’ जाते ना. मुलाचे बूट तिथूनच घेते, पावसाळ्यात गाडी लावायला बरं पडतं.