दुपारी बंद, संध्याकाळी चालू: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. औष्णिक केंद्रांच्या वार्षिक ओव्हरहॉलवरच्या (संच बंद ठेवून केलेल्या मोठ्या दुरुस्तीवरच्या) माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि कडक प्रतिक्रिया दिलीत. तुमचे मुद्दे थोडक्यात असे: सौर वीज एवढी आली आहे, तर कोळशाचे संच (बॉयलर, टर्बाइन आणि जनरेटर मिळून एक संच) दुपारी बंद करून संध्याकाळी पुन्हा चालू का करत नाहीत? महिना-महिना ओव्हरहॉल करूनही दोन महिन्यांत ट्यूब लीकेज (बॉयलरच्या नळ्यांची गळती) होतंच, मग पैसा जातो कुठे? आणि बंद संचाचा स्थिर आकार (वीज घेतली नाही तरी द्यावी लागणारी ठरावीक रक्कम) ग्राहकाने का भरायचा? शिवाय, ‘एसीत बसून स्क्रीन बघणाऱ्यांना बदल नको असतो’ असंही तुम्ही लिहिलंत. माझी सगळी नोकरी पाळीत गेली. ते वाक्य मला लागलं, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

आधी दुपारचं बघू. 500 मेगावॅटच्या संचात टर्बाइनकडे जाणारी वाफ साधारण 540 अंश सेल्सियसची असते आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला 170 किलोच्या आसपास. हा दाब सोसणारा बॉयलर ड्रम (पाण्यातून वाफ वेगळी होते ती टाकी) शंभर मिलिमीटरहून जाड पोलादाचा असतो. असं जाड पोलाद घाईने तापवलं तर आतली बाजू आधी प्रसरण पावते, बाहेरची मागे राहते आणि धातूवर ताण येतो. टर्बाइनचंही तेच. रोटर (फिरणारा भाग) आणि केसिंग (त्याभोवतीचं कवच) वेगवेगळ्या गतीने तापतात, आणि मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या त्या रोटरच्या आजूबाजूला काही ठिकाणी मिलिमीटरभरसुद्धा मोकळी जागा नसते. म्हणून पूर्ण गार पडलेला संच भट्टी पेटवून (लाइट-अप) ग्रिडला जोडायचा आणि पूर्ण लोडवर न्यायचा तर अर्धा दिवस सहज जातो. दुपारी बंद केलेला गरम संच त्यापेक्षा लवकर येतो, पण त्यालाही काही तास लागतात आणि तेल जाळावं लागतं. बंद करूनही सुटका नाही. वाफ तोडल्यावर रोटर बारिंग गिअरवर हळूहळू फिरवत ठेवावा लागतो. नुसता थांबवला तर केसिंगचा वरचा भाग खालच्यापेक्षा गरम राहतो आणि रोटरला बाक येतो.

त्यामुळे दुपारी संच बंद न करता लोड खाली आणतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांनुसार कोळशावरचे संच क्षमतेच्या 55 टक्क्यांपर्यंत उतरता आले पाहिजेत, आणि पुढे टप्प्याटप्प्याने 40 टक्क्यांपर्यंत. ‘बदल नको’ म्हणणाऱ्यांच्या केंद्रांत हे काम रोज चाललेलं असतं.

खरा कस याच कामात लागतो. लोड उतरवताना एकेक कोल मिल (कोळसा दळणारी गिरणी) काढायची. भट्टीत जाळ कमी उरतो आणि तो अस्थिर होतो. जून-जुलैत ओला कोळसा बंकरमध्ये (साठवणीच्या टाकीत) चिकटतो, मिलला कोळसा पुरवणारा फीडर मोकळा फिरतो, मिलमध्ये कोळसा पडतच नाही. पाळीतली माणसं बंकरवर हातोडे मारायला धावतात. तेवढ्यात फ्लेम स्कॅनरला (जाळ आहे का ते बघणाऱ्या यंत्राला) जाळ दिसेनासा झाला की बॉयलर ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. लगेच पुन्हा पेटवताही येत नाही. न जळलेली कोळशाची भुकटी भट्टीत साचलेली असू शकते, तिच्यावर ठिणगी पडली तर स्फोट. म्हणून आधी निदान पाच मिनिटं हवा मारून भट्टी साफ करायची, मग तेलाचे बर्नर. त्याच वेळी ड्रम लेव्हल (ड्रममधली पाण्याची पातळी) सांभाळायची. पाणी फार खाली गेलं तर नळ्या जळतात, फार वर गेलं तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये शिरतं. बॉयलरला पाणी देणारा फीड पंप बंद पडला तर पूर्ण लोडवर ड्रममधलं पाणी जेमतेम मिनिटभराचं. स्क्रीन बघणारा माणूस ती एक रेषा बघत असतो. तिथे एसी आहे, हे खरं.

चटकन चालू होणारी वीज महाराष्ट्रात आहे, ती कोयनेत. जलविद्युत संच काही मिनिटांत लोड घेतो. पण कोयनेला वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी ठरवून दिलेलं आहे, त्यामुळे ते संध्याकाळच्या मागणीसाठी जपून वापरावं लागतं. घाटघरसारखे पाणी पुन्हा वर चढवणारे प्रकल्प आणखी झाले तर तुम्ही म्हणता तसं दुपारचं ऊन संध्याकाळी वापरता येईल, आणि ते व्हायलाच हवेत. तोवर सूर्य मावळल्यावर चढणारी मागणी बरीचशी कोळशावरच भागवावी लागते.

आता ट्यूब लीकेज. संच वरखाली झाला की नळ्या तापतात, निवतात, पुन्हा तापतात, आणि जोडाशी, वाकाशी धातू थकतो. त्यात आपल्या कोळशात राख तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त, आणि ती वेगाने घासत गेली की नळीची जाडी दरवर्षी कमी होते. लीकेजची चाहूल आधी आवाजाने लागते. मेकअप पाण्याचा (कमी झालेलं भरून काढायला घालायच्या पाण्याचा) वापर वाढतो आणि बॉयलरच्या ठराविक मजल्यावर भिंतीला कान लावला की फुसफुस ऐकू येते. मग संच काढायचा, भट्टी निवेपर्यंत वाट बघायची, मॅनहोलमधून आत सरकायचं. मूळ भोक कित्येकदा ज्वारीच्या दाण्याएवढं असतं. पण त्यातून सुटलेल्या वाफेने शेजारच्या चार-पाच नळ्या कापलेल्या असतात आणि त्यांनी पुढच्या. बॅटरीच्या उजेडात आधी कोणती गेली हे शोधणं महत्त्वाचं, कारण फक्त कापलेल्या नळ्या बदलल्या आणि मूळ कारण तसंच राहिलं तर पंधरवड्यात पुन्हा तेच. मग खराब तुकडा कापायचा, नवा बसवायचा, वेल्डिंग, एक्स-रे, हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी). वेल्डर दोन नळ्यांच्या फटीत आरसा धरून, मागची बाजू आरशात बघून टाका मारतो. हे काम कोण करतं ते कधीतरी बघा. बहुतेक कंत्राटी कामगार असतात आणि त्यांची नावं कुठल्याच अहवालात येत नाहीत.

ओव्हरहॉल हे कारण शोधायलाच असतं. तिथे प्रत्येक भागातल्या नळ्यांची जाडी मोजतात आणि झिजलेल्या फुटायच्या आत बदलतात. उन्हाळ्यात मागणी वाढली म्हणून ओव्हरहॉल पुढे ढकललं, तीस दिवसांचं काम अठरा दिवसांत उरकायला लावलं, सुटे भाग वेळेवर आले नाहीत, की तुम्हाला दिसतं ते दोन महिन्यांनंतरचं लीकेज होतं. पैसा वाया जातो हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण तो बहुतेकदा दुरुस्ती केल्यामुळे नाही, अर्धवट केल्यामुळे जातो.

आणि थांबायला नकार दिला की काय होतं, हे 1 नोव्हेंबर 2017 ला उत्तर प्रदेशातल्या उंचाहारला दिसलं. नव्या 500 मेगावॅट संचाच्या भट्टीत तळाशी राख साचत गेली होती आणि संच चालू ठेवूनच ती काढायचा प्रयत्न सुरू होता. तप्त वायू आणि वाफ बाहेर आली. चाळीसहून अधिक माणसं गेली. त्यामुळे ‘पुन्हा शटडाउन?’ हा प्रश्न कुणी चिडून विचारला की मला राग येतो. शटडाउन मागणारा इंजिनिअर त्या माणसांना वाचवायला बघत असतो.

राखेबद्दल तुम्ही ओघात लिहिलंत, त्यात मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूचा आहे. 2022 च्या पावसाळ्यात कोराडीजवळचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत गेली. बंधाऱ्याची देखभाल हीसुद्धा केंद्राची देखभाल आहे. बॉयलरइतकं तिच्याकडे लक्ष जात नाही, ते गेलं पाहिजे.

शेवटी स्थिर आकार. ती रक्कम उभारणीचं कर्ज, भांडवलावरचा परतावा, घसारा, पगार आणि देखभाल यांची असते, आणि संच मागितला की हजर राहील या अटीवर मिळते. उपलब्धता ठरलेल्या पातळीखाली गेली की कापली जाते. मेरिट ऑर्डरमध्ये (स्वस्त वीज आधी घ्यायच्या यादीत) महाग ठरल्यामुळे भार प्रेषण केंद्राने (कोणी किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या केंद्राने) संच बंद ठेवायला सांगितलं, तर तो उपलब्धच धरला जातो. म्हणून बंद संचाचे पैसे दिल्यासारखे वाटतात. यातला देखभालीचा भाग किती मंजूर झाला आणि किती प्रत्यक्ष खर्च झाला, हे महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढच्या दर-याचिकांमध्ये केंद्रनिहाय लिहिलेलं असतं. त्या याचिकांवर ग्राहक म्हणून तुम्हाला लेखी हरकत घेता येते आणि सुनावणीत बोलताही येतं. तिथे विचारा की गेल्या तीन वर्षांत कोणत्या संचाचं ओव्हरहॉल पुढे ढकललं आणि कुणाच्या सांगण्यावरून. हरकतीचा मसुदा करताना मदत लागली तर इथेच कळवा, मी बसून लिहून देईन.