ट्राउट, मेहुणा आणि गायमुखचा चिखल

माझा मेहुणा हिमाचलात तीर्थन नदीवर जाऊन आला आणि तेव्हापासून आमच्या घरात ट्राउटशिवाय विषय नाही. बर्फाचं पाणी, गुळगुळीत धोंडे, मत्स्य खात्याचा परवाना आणि गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी. हा मासा मुळात आपल्याकडचा नव्हेच. तो इंग्रजांनी आणून हिमालयातल्या नद्यांत सोडला, बहुधा त्यांना रविवारी करमत नसावं. हल्ली मेहुण्यालाही करमत नाही, आणि तो आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो.

"दाजी, नदी आपल्याकडेही आहेच की!"

आहे. घोडबंदर रोडला गायमुखपाशी दिसणारं पाणी उल्हास नदीचंच, वसईकडे निघालेलं. पण इथवर येईतो तिची खारी खाडी होते. ट्राउटला पाणी लागतं थंडगार, 20 अंशांच्या वर गेलं की त्याचा जीव कासावीस. ठाण्यात पारा 20 वर आला की आम्ही कपाटातून स्वेटर काढतो.

त्यात तो रविवार नेमका संकष्टीचा. "मासळी घरात आणायची नाही," बायकोने बजावलं. मेहुणा म्हणाला, "ताई, पकडून परत सोडायची पद्धत असते." "मग जाता कशाला?" या प्रश्नावर आम्ही दोघांनी चपला घातल्या.

खाडीकाठचं साधं गणित आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी म्हणजे चाराची पाऊणपट तीन. पहाटे तीनच्या सुमाराला भरती, सकाळी नऊच्या सुमाराला ओहोटी. पोहे खाऊन, पार्किंग शोधून आम्ही बरोब्बर नऊला पोचलो. समोर लांबच लांब चिखल, त्यात निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या, आणि पाणी पार तिकडे. कठड्याशी बसलेले एक आजोबा जाळं विणता विणता म्हणाले, "पानी गेला, त्याच्याबरोबर मावरा पन गेला."

मेहुण्याने तरीही रीळवाला रॉड जोडला. हातात गळ घेतलेला माणूस दिसला की ठाणेकराचा मॉर्निंग वॉक थांबतो. "माशी कसली लावता, कोळंबी लावा." "कणीक लावा, हळद घालून." "इथे जिताडा मिळतो, पण तुम्हाला नाही मिळणार." एका बाईंनी आपल्या पोराला पुढे उभं केलं, "बघ, काका आता मासा पकडणार आहेत." पोरगं गुणी होतं. दर मिनिटाला एकदाच विचारायचं, "कधी?"

मेहुण्याने मनगट झटकून तीर्थन-छाप फेक केली. माशी डौलात उडाली आणि तिवराच्या झुडपात जाऊन बसली. ओढली, तिढा घट्ट झाला. "फांदी तोडू नका, गुन्हा आहे!" चारपाच जण एकदम ओरडले. खरंच आहे, तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे. दाजींना नसतं. "तुम्ही उतरा ना, तुमची पँट जुनी आहे."

उतरलो. पहिल्या पावलाला घोटा बुडाला, दुसऱ्याला पोटरी, तिसऱ्याला डावी चप्पल खाडीची झाली. एक चिंबोरी बिळाच्या तोंडाशी नांग्या वर करून माझी वाट बघत होती. मागून सूचना चालूच होत्या, "डावीकडून जा", "वाकून जा", "हलू नका". मी माशी सोडवली तेव्हा कठड्यावर टाळ्या वाजल्या. आजोबांनी जाळ्यातून मान वर केली नाही. पोरगं तेवढं हिरमुसलं. काका मासा नाहीत हे त्याच्या उशिरा लक्षात आलं असावं.

आता मेहुण्याच्या डोक्यात ऐरोली आहे. तिथून ठाणे खाडीच्या अभयारण्यात फ्लेमिंगो दाखवायला बोट नेतात. बोटीच्या वेळाही भरती-ओहोटीवरच ठरतात, म्हणून बायकोने कॅलेंडर ताब्यात घेतलंय. फ्लेमिंगो गळाला लावायचे नसतात, एवढं मी मेहुण्याला आधीच सांगून ठेवलं आहे. तो म्हणाला, "दाजी, पँट मात्र जुनीच घाला."