कोशात डीएनए बदलत नाही

श्रावण लागला की कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर, मग तो तालीम मंडळाचा असो की शाळेच्या पालकांचा, एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर असा: "अळी कोशात गेली की तिचं सगळं शरीर विरघळून पाणी होतं, मेंदूसुद्धा उरत नाही. त्या पाण्यातून नवा डीएनए घेऊन नवा जीव जन्मतो. म्हणूनच फुलपाखराच्या पेशीत दोन डीएनए सापडतात. हा चमत्कार फक्त फुलपाखरात, पतंगात नाही. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे. तुम्हीही बदलू शकता!" शेवटच्या वाक्याशी माझं भांडण नाही. बाकी एकही वाक्य धड नाही.

"सगळं शरीर विरघळतं." हे अर्धं खरं आहे, म्हणूनच मरत नाही. अळीचे पुष्कळ स्नायू आणि आतड्याचा बराच भाग कोशात मोडीत निघतो. पण परसातल्या कढीपत्त्यावरची मॉर्मन फुलपाखराची अळी बघा. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठेपणी हिरवीगार होते, डिवचलीत तर डोक्यामागून लाल शिंग काढून उग्र वास सोडते. त्याच हिरव्या अळीच्या अंगात पंखांच्या पेशींचे पुंजके आधीच तयार असतात. कोश व्हायच्या आधी! 2013 साली पेंटेड लेडी फुलपाखराच्या जिवंत कोशांचे सीटी स्कॅन काढले गेले, त्यांत श्वासनलिका सुरुवातीपासूनच शाबूत दिसल्या. मेंदूचं म्हणाल, तर 2008 साली अमेरिकेत तंबाखूवरच्या एका पतंगाच्या अळ्यांना ठरावीक वास देऊन सौम्य शॉक दिला होता. शेवटच्या अवस्थेत धडा शिकलेल्या अळ्यांचे पतंग झाल्यावरही त्यातले बरेच त्या वासापासून लांब राहिले. फार लहान वयात शिकवलेल्यांना मात्र आठवलं नाही. मेंदूचं खरोखर पाणी झालं असतं तर कुणालाच आठवलं नसतं.

आता मुख्य वाक्य: "फुलपाखराच्या पेशीत दोन डीएनए सापडतात." सापडतात, खरंच सापडतात. पण ते अळीतही सापडतात, अंड्यातही, आणि मेसेज पाठवणाऱ्या काकांतही. एक डीएनए केंद्रकातला, दुसरा मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिकांचा. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या कणिकांजवळ स्वतःचा छोटा गोलाकार डीएनए असतो, आणि तो आईकडून अंड्यातून येतो. कोशाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

हा छोटा डीएनए नीट बघण्यासारखा आहे. डीएनए ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. रेशमाच्या पतंगाच्या केंद्रकात सुमारे 45 कोटी अक्षरांचा मजकूर असतो. त्याच्याच मायटोकॉन्ड्रियात साडेपंधरा हजारांच्या आसपास. बहुतेक फुलपाखरांचा आणि पतंगांचा आकडा 15 ते 16 हजारांतच राहतो. एवढ्याशा जागेत 37 जनुकं: 13 प्रथिनांची, 22 वाहक आरएनएची (प्रथिनांचे सुटे भाग आणून देणाऱ्या), 2 रायबोसोमच्या, म्हणजे प्रथिनं घडवणाऱ्या यंत्राच्या, आरएनएची. ती शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरांसारखी भिंतीला भिंत लावून उभी आहेत, मध्ये बोळ जवळजवळ नाहीच. एटीपी-8 आणि एटीपी-6 ही दोन जनुकं तर सात अक्षरं वाटून घेतात: ए-टी-जी-ए-टी-ए-ए. पहिली तीन अक्षरं म्हणजे दुसऱ्या जनुकाची सुरुवात, शेवटची तीन म्हणजे पहिल्याचा शेवट.

अक्षरांची निवडही एकसुरी आहे. शंभरातली साधारण 80 अक्षरं ए किंवा टी असतात. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात हेच प्रमाण 56च्या आसपास येतं. फुलपाखरा-पतंगांत जिथून या डीएनएची नक्कल काढायला सुरुवात होते त्या पट्ट्यात ते नव्वदच्याही वर जातं. तिथे ए-टी-ए-जी-ए ही खूण आणि तिच्यालगत टी-टी-टीची लांब रांग दिसते. जाती बदलतात, ही खूण बहुतेक ठिकाणी भेटतेच.

कोशात हा डीएनए बदलत नाही, याचा पुरावा आपल्या मक्याच्या शेतात आहे. 2018 साली कर्नाटकात अमेरिकन लष्करी अळी सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात शिरली. डोक्यावर उलटा पांढरा वाय, शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके, ही तिची ओळख शेतकऱ्यांना आता पाठ आहे. पण लहान अळीवर या खुणा स्पष्ट नसतात. म्हणून ओळख पक्की करायला मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय या जनुकाची 658 अक्षरं वाचली गेली. कॅनडातले जीवशास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी 2003 साली मांडलेली ही पद्धत. मक्याच्या पोंग्यातली अळी घ्या किंवा मादीच्या वासाने नराला ओढणाऱ्या कामगंध सापळ्यातला पतंग घ्या, अक्षरं त्याच जातीची निघतात. प्रत्येक पेशीत या डीएनएच्या भरपूर प्रती असल्यामुळे पायाचा तुकडासुद्धा पुरतो. कोशात डीएनए बदलत असता तर अळीवरून पतंग ओळखायची ही पद्धत पहिल्याच दिवशी बंद पडली असती.

ती कधीमधी चुकते, हेही सांगायला हवं. वोल्बाकिया नावाचा जीवाणूसुद्धा आईकडूनच येतो आणि आपल्यासोबत एखादा मायटोकॉन्ड्रियाचा प्रकार सगळ्या वस्तीत पसरवतो, मग दोन वेगळ्या जाती एकच वाटू लागतात. पण तो घोटाळा जाती-जातींमधला. अळी आणि तिचाच पतंग यांच्यातला नव्हे.

"पतंगात नाही." अहो, रेशमाचा कोश कुणाचा? पतंगाचाच! शिवाय मायटोकॉन्ड्रियाच्या हिशेबाने फुलपाखरं ही पतंगांच्या झाडाचीच एक फांदी आहे. मेथिओनिन, आयसोल्युसिन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे सुटे भाग, वाहणाऱ्या तीन आरएनएंची जनुकं कीटकांच्या जुन्या क्रमात आयसोल्युसिन, ग्लुटामिन, मेथिओनिन अशी बसतात. फुलपाखरांत आणि बहुतेक सगळ्या पतंगांत मेथिओनिन उडी मारून पुढे आलेलं आहे. हेपिअलिडी कुळातल्या पतंगांनी जुना क्रम तसाच ठेवला. म्हणजे या बाबतीत रेशमाचा पतंग आपल्या नीलवंत फुलपाखराच्या बाजूला बसतो, हेपिअलिडींच्या नाही.

राहिलं "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे." या कल्पनेच्या जवळ जाणारा एक शोधनिबंध मला माहीत आहे. 2009 साली ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ डोनाल्ड विल्यमसन यांनी असा तर्क मांडला की पूर्वी कधीतरी एका कीटकाचा आणि मखमली किड्यासारख्या प्राण्याचा संकर झाला, आणि अळीची अवस्था तिथून आली. तर्कच तो, प्रयोग नव्हे. कोशात डीएनए बदलतो असं त्यांनीही म्हटलं नव्हतं. तो निबंध छापण्यासाठी पुढे केला अमेरिकी जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी, ज्यांनी 1967 साली मायटोकॉन्ड्रिया हे मुळात स्वतंत्र जगणारे जीवाणू होते हे आग्रहाने मांडलं होतं. ते पुढे पटलं, कारण मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए वाचल्यावर तो जीवाणूंशी नातं सांगू लागला. विल्यमसन यांचा तर्क मात्र त्याच वर्षी त्याच नियतकालिकात हार्ट आणि ग्रोसबर्ग या शास्त्रज्ञांनी उपलब्ध जनुकीय माहिती मांडून खोडून काढला. मेसेज पाठवणाऱ्यांना पुरावा म्हणून पहिला निबंध जोडायचा असेल तर खुशाल जोडावा, पण मग हे उत्तरही त्याच मेसेजमध्ये टाकावं.