अकरा म्हणजे अकराच

वसंतात अर्धवट बर्फ असलेल्या डोंगरावर ग्रुपने जाणाऱ्या सगळ्यांसाठी मनापासून लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या वर्षी आम्ही नऊ जण होतो. सकाळी 11 वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं, असं पायथ्याशी ठरलं होतं. 11 वाजले तेव्हा माथा समोर दिसत होता, ऊन लख्ख पडलं होतं आणि वेळेचा विषय कोणीच काढला नाही. घड्याळ माझ्या हातात होतं, तरी मीही गप्प बसलो.

आपण किती दमलोय यावरून मागे फिरायची वेळ ठरत नाही, ती बर्फावरून ठरते. रात्री आकाश निरभ्र असलं की बर्फाचा वरचा थर गोठून कडक होतो. पहाटे मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे छोट्या टोकदार खिळ्यांचे पट्टे) करकरत त्यावर सहज चालता येतं. ऊन चढलं की तोच थर सुटायला लागतो. आधी घोटा रुततो, मग गुडघा. 30 अंशांहून जास्त चढाच्या उतारावर तर ओला झालेला बर्फ सगळाच्या सगळा सुटून खाली येऊ शकतो.

आम्ही उतरायला लागलो तेव्हा दीड वाजला होता. बर्फातून डोकावणाऱ्या खडकाला धरून चालणं सुरक्षित वाटतं, पण फसगत तिथेच होते. काळा खडक उन्हाने तापतो, भोवतालचा बर्फ आतून वितळतो आणि वर नुसता पापुद्रा उरतो. सगळ्यात शेवटी चालणाऱ्या मैत्रिणीचा पाय त्यातून मांडीपर्यंत आत गेला आणि बूट खालच्या दगडांत अडकला. मी तिच्या थोडाच पुढे होतो. बाकीचे सात जण हाकेच्या पलीकडे गेलेले. ट्रेकिंग पोलच्या टोकाने मी बर्फ उकरत होतो, हातमोजे भिजून गार पडले होते आणि त्या भोकातून खाली वाहणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. पाऊण तास गेला. पाय निघाला तेव्हा नडगी सोलवटली होती, गुडघा सुजायला लागला होता. ती म्हणाली, "दहा वाजल्यापासूनच मला जड जात होतं. पण तुम्ही सगळे इतके पुढे होतात, थांबा म्हणायची लाज वाटली."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. हळू चालणाऱ्याला शेवटी ठेवलं की त्याचं बोलणंच बंद होतं, असं माझं ठाम मत झालंय. बर्फात पायऱ्या पाडायला दमदार माणूस पुढे हवा, हे खरं. पण त्याच्या लगेच मागे सगळ्यात हळू चालणारा हवा, आणि पायऱ्यांमधलं अंतर त्याच्या ढांगेचं हवं. शेवटी अनुभवी माणूस.

(गॉगलही विसरू नका. ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परावर्तित करतो. डोळ्यांची आग काही तासांनी, तंबूत शिरल्यावर सुरू होते. त्या रात्री आमच्यातल्या दोघांना डोळे उघडवत नव्हते.)

यंदा तेच नऊ जण, तोच डोंगर. ती दुसऱ्या नंबरवर चालत होती. बरोबर 11 वाजता तिनेच हात वर केला आणि आम्ही वळलो. माथा फार तर अर्ध्या तासावर होता. उतरून शेवटच्या बर्फाच्या पट्ट्यावर आलो, तेव्हाही बर्फ बुटाखाली घट्टच लागत होता.