प्रोटॉन फुटतो हे अजून सिद्ध कुठं झालंय?

विश्वाच्या शेवटाबद्दलचा तुमचा लेख आवडला, पण ‘शेवटी प्रोटॉनही (अणूच्या गाभ्यातले कण) फुटतील’, म्हणजे आपोआप हलक्या कणांत बदलतील, हे इतक्या ठामपणे लिहायला नको होतं. जपानच्या सुपर-कामिओकांडे या जमिनीखालच्या प्रयोगशाळेत ५०,००० टन पाण्यातल्या असंख्य प्रोटॉनांवर १९९६ पासून पहारा आहे. एकही फुटताना दिसलेला नाही. म्हणून प्रोटॉनचं सरासरी आयुष्य १ वर ३४ शून्यं इतक्या वर्षांहून जास्त धरतात. त्याआधी आपल्याच कर्नाटकात, कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल हाच शोध चालला होता! प्रोटॉन फुटल्यासारख्या काही संशयित घटना सापडल्या, पुढं त्या टिकल्या नाहीत. खानापुरातल्या आमच्या मराठी शाळेत हे सांगितलं की पोरं विचारतात, “सर, खाणीत कशाला?” वरचा खडक अवकाशातून येणारे वैश्विक किरण अडवतो, नाहीतर त्यांच्या गर्दीत प्रोटॉन फुटल्याची खूण ओळखू येणार नाही, हे फळ्यावर काढून दाखवतो. कोलारचा उल्लेख लेखात जरूर घाला.