हरकत नाही ना?

गेल्या रविवारी सकाळी पावणेसात वाजता, नाकातोंडावर प्लास्टिकचा मास्क असताना, मी आमच्या सोसायटीतल्या एका ठरावाला पाठिंबा दिला. दिला कसला, माझ्याकडून उकळला गेला. चार दिवस झाले, डोक्यातून जात नाही.

दमा माझा जुना. थंडी पडली की छातीत मांजर गुरगुरायला लागतं. एरवी पंपावर भागतं, पण पंपाला समाजात पत नाही. खिशातून काढला की शेजारचा माणूस हळहळतो, "सवय लागते हो त्याची!" डॉक्टरांनी मला दहादा सांगितलंय, की स्पेसर, म्हणजे पुढे जोडायची ती पोकळ नळी, लावून नीट ओढला तर साध्यासुध्या दम्याला पंप नेब्युलायझरच्या मशीनइतकाच उपयोगी पडतो. पण मशीनला वायर असते, आवाज असतो, रुबाब असतो. या वेळी मांजर जरा जास्तच माजलं, म्हणून डॉक्टरांनी पाच दिवस सकाळ-संध्याकाळ नेब्युलायझर लिहून दिला आणि तो रुबाब माझ्या टीपॉयवर येऊन बसला.

आवाजाचं म्हणाल, तर मशीनमधून टीपॉयमध्ये, टीपॉयमधून फरशीत आणि फरशीतून थेट खालच्या मजल्यावरच्या काकांच्या कानात. तिसऱ्या दिवशी बेल वाजली.

"वहिनी, रोज पहाटे चटणी लागते का तुमच्याकडे? मिक्सर ऐकू येतो."

बायकोने नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं. काका आत आले, चष्मा वर केला आणि माझ्या तोंडातून निघणारं धुकं बघून त्यांचा राग एकदम मावळला. त्याची जागा सल्ल्याने घेतली, हे फार वाईट झालं.

"अरेच्चा, वाफ घेताय होय!"

वाफ नाही हो काका. यात काही तापतच नाही. मशीन नुसती हवा ढकलतं. ती कपातल्या बारीक भोकातून सुसाट सुटते, औषधाला वर खेचते, आणि ते आतल्या अडसरावर आपटून त्याचं धुकं होतं. पाच मायक्रॉनच्या आतले कण खाली फुप्फुसात उतरतात, मोठे घशातच राहतात. हे सगळं मला सांगायचं होतं. पण बोललं की औषध बाहेर. ताठ बसायचं, शांतपणे श्वास घ्यायचा, गप्प राहायचं. दहा मिनिटं. लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या माणसाला तिसरी अट अवघड नाही, पण ती काकांसमोर पाळायची म्हणजे तपश्चर्या.

"यात निलगिरीचे दोन थेंब टाका."

मी हाताने नको नको केलं. तेल या कपात घालायचंच नसतं, छाती आणखी आवळते.

"नको? मग ओवा टाका. आमच्या आईने उभा जन्म ओव्याची धुरी घेतली, एक दिवस डॉक्टरचं तोंड बघितलं नाही." मग खाली वाकून त्यांनी कप बोटाने तिरका केला. "औषध केवढंसं हो! अर्धा चमचा?"

अडीच मिली. म्हणजे अर्धाच चमचा, अंदाज बरोबर होता. पण कप तिरका झाला की धुकं बंद पडतं. मी कप सरळ केला. तेवढ्यात त्यांचं लक्ष इलॅस्टिककडे गेलं.

"एवढं घट्ट? जीव गुदमरेल माणसाचा!" म्हणत त्यांनी ते सैल केलं. मास्कच्या वरच्या फटीतून अख्खी फवारणी माझ्या डोळ्यांत. या औषधात श्वासनळ्या मोकळ्या करणारं जे इप्राट्रोपियम असतं, ते डोळ्यांत गेलं की समोरचं धूसर दिसतं, म्हणून तर मास्क घट्ट लावायचा. मला आता दोन काका दिसायला लागले. आभार मानून वाटेला लावावं म्हणून मी अंगठा वर केला.

"चहा? चालेल की. वहिनी, बिनसाखरेचा!"

बायको स्वयंपाकघरात गेली आणि साक्षीदार उरला नाही. काकांनी खुर्ची पुढे ओढली, आवाज खाली आणला.

"बरं झालं भेटलात. गच्चीवर कोपऱ्यात कबुतरांसाठी दाण्याचं ताट ठेवतोय. मुकी जनावरं, पुण्य लागतं. तुमची हरकत नाही ना?"

मी मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, मास्कची नळी झोके घेईपर्यंत हलवली.

"नाही ना? बघा, मला माहीतच होतं! मोठं मन आहे तुमचं."

आता मला सांगा, या प्रश्नाला मराठीत मुक्याने नकार द्यायचा कसा? मान आडवी हलवली तर 'हरकत नाही'. उभी हलवली तर 'हो, नाहीच'. आपल्या भाषेने दम्याच्या पेशंटला सुटकेची वाटच ठेवलेली नाही.

आणि कबुतरं! २०२५च्या ऑगस्टमध्ये मुंबई महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, तर लोक ती ताडपत्री ओढून काढायला धावले. वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसात जाऊन सूज येते, हे छातीचे डॉक्टर सांगून सांगून दमले, म्हणजे तेही. माझ्या एसीच्या कठड्यावर रोज पांढरा थर असतो. खिडक्यांना जाळी मी लावली, पदरच्या पैशाने. ती झटकतो मी, खोकतो मी, औषधाचं बिल भरतो मी. पुण्य मात्र खालच्या मजल्यावर जमा होतं. माझ्या छातीतल्या मांजराला एकही कबूतर घाबरत नाही, हे वेगळंच.

शेवटी राहवेना. मास्क उपटला आणि "हरकत आ" एवढं म्हणेपर्यंत खोकल्याची उबळ आली. ती चहा संपेपर्यंत टिकली. उरलेलं औषध धुकं होऊन काकांच्या बशीवरून तरंगत गेलं.

"बोलू नका, बोलू नका. कळलं मला," म्हणत ते उठले. दारात थांबून म्हणाले, "नाक मोकळं झाल्यासारखं वाटतंय हो!"

वाटणारच. माझं औषध होतं.

मशीन फुर्र फुर्र करायला लागलं. नखाने टिचक्या मारून शेवटचे थेंब वसूल केले, तरी तळाला थोडं उरतंच. मग दुसरं औषध, स्टेरॉइडचं. ते झालं की खळखळून चूळ भरायची आणि तोंड धुवायचं, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी धरते. कप आणि मास्क धुऊन नॅपकिनवर उपडे घातले आणि फोन बघितला.

सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा निरोप होता : 'तिसऱ्या मजल्यावरच्यांशी प्रत्यक्ष चर्चा झाली. त्यांचीही हरकत नाही.'

या औषधाने हात थरथरतात. रागानेही थरथरतात, त्या दिवशी कोणत्या कारणाने थरथरत होते ते डॉक्टरच जाणोत. मी तावातावाने उत्तर लिहायला घेतलं आणि बोट भलतीकडेच पडलं. निरोपाखाली माझ्या नावाचा अंगठा उमटला. दोन सेकंदांत काढला. तोवर खालून उत्तर आलंसुद्धा.

'धन्यवाद. मशीनखाली जाड सतरंजी घालत जा. आणि फार लावू नका, सवय लागते.'